बुसान: समुद्राकडे जरा पाठ करून

आजच्या व्याख्यानाच्या पत्रिकेवर विषय छापलाय ‘बुसानची आकर्षणं’, म्हणजे तुम्हाला समुद्रकिनारे हवेत. येतील, शेवटी येतील. पण कोरियातलं हे दुसऱ्या क्रमांकाचं शहर वाळूवर बसून कळत नाही, चढण चढून कळतं, हे माझं जुनं टुमणं आहे.

१९५० साली कोरियन युद्ध पेटलं, राजधानी सोल पडलं आणि हे बंदर तात्पुरती राजधानी झालं. निर्वासितांचे लोंढे आले. सपाट जागा म्हणजे डोंगर आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी, ती कितीशी पुरणार? माणसं डोंगर चढू लागली. अमी-दोंग या डोंगरउतारावरच्या भागात जपान्यांची दफनभूमी होती. १९४५ला जपानची सत्ता संपली, जपानी गेले, थडगी राहिली. निर्वासितांनी त्या कट्ट्यांवरच भिंती उभ्या केल्या, कोरीव दगड जोत्याला आणि पायऱ्यांना लावले. ते अजून दिसतात. (भुतांचं काय, असं पहिल्या रांगेतून विचारताहेत. भाडं मागत नव्हती, एवढं खरं.) त्या उतारांवर आज काही ठिकाणी रस्ता खालच्या घराच्या गच्चीला टेकतो, म्हणून गाडी चक्क गच्चीवर लावतात.

जायचं कसं? मेट्रोची १ नंबरची लाइन, तोसोंग स्टेशन, तिथून वर जाणारी छोटी बस. सगळे त्याच बसने पुढे गामचनच्या रंगीत घरांकडे जातात आणि एका पुतळ्याशेजारी फोटोसाठी रांग लावतात. अमी-दोंग वाटेतच लागतं, पण उतरतो कोण! आणि ते रंग तर २००९ नंतरचे. खरी करामत रचनेत आहे: घरं पायऱ्यापायऱ्यांनी अशी बसवली आहेत की पुढच्याने मागच्याचा उजेड अडवू नये.

आता मिलम्योन, म्हणजे बुसानच्या गार रश्श्यातल्या शेवया. यावर मी थोडा रेंगाळणार. उत्तर कोरियातून आलेल्या निर्वासितांना त्यांच्याकडच्या थंड शेवया, नेंगम्योन, हव्यात, त्या कुट्टूच्या पिठाच्या. बुसानला कुट्टू कुठला? मिळत होतं अमेरिकन मदतीचं गव्हाचं पीठ. त्यात रताळ्याचं किंवा बटाट्याचं सत्त्व मिसळलं. आपल्या शेवेच्या सोऱ्यासारखं यंत्र, खाली उकळतं पाणी, शेवया थेट त्यात. शिजल्या की लगेच गार पाण्यात चोळून धुवायच्या. इथे आळस केला तर वरचा चिकट थर राहतो आणि वाडग्यात गोळा होतो. वर हाडांचा बर्फगार रस्सा आणि मधोमध तिखटाचा गोळा. नवखा माणूस बसल्या बसल्या ढवळतो, तिथेच चुकतो. आधी रस्सा नुसता चाखायचा, मग तिखट थोडं थोडं सोडायचं, शेवटी व्हिनेगर आणि मोहरी. शेवया चिवट असतात, म्हणून टेबलावर कात्री येते. ती शिवणाची नव्हे, जेवणाचीच.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, किनारे. हेउंदे मोठा आणि गर्दीचा. ग्वांगाल्ली त्याहून छोटा, समोर ७.४ किलोमीटरचा ग्वांगान पूल, तेव्हा रात्री जा. जागाल्ची बाजारात खाली मासा निवडायचा, वर बसून खायचा. वर बनवून द्यायचे पैसे वेगळे पडतात, म्हणून दोन्ही भाव आधी विचारा. बमोसा हे ६७८ सालचं देऊळ डोंगरात आहे, सकाळी लवकर गाठा. चित्रपट महोत्सव १९९६पासून भरतो, त्याला वेगळं व्याख्यान लागेल.

एक राहिलंच, योंगदो पूल, १९३४चा. युद्धात ताटातूट झालेल्यांना बुसानमधलं हे एकच नाव ठाऊक असायचं, म्हणून ‘पुलावर भेटू’ असं ठरायचं. माणूस आला नाही की पुलाखाली ज्योतिषी होतेच. त्याचा उचलता भाग १९६६ला बंद झाला, २०१३ला पुन्हा सुरू झाला. शनिवारी दुपारी २ वाजता उचलतात. नाम्पो स्टेशनला उतरा, दहा मिनिटं आधी.