मित्राला कॉमिकमध्ये टाकायचंय? आधी हे ऐका

नमस्कार मंडळी! कॉमिक काढायला बसलं की पहिल्यांदा आठवतो तो आपलाच ग्रुप. एक जण कायम उशिरा येणारा, एक उधारी बुडवणारा, एक प्रत्येक विषयात अक्कल पाजळणारा. पात्रं आयतीच मिळाली, आता फक्त काढायची, असं वाटतं. पण मित्राकडून नेमकं उचलायचं काय? नाव, चेहरा, की आणखी काही?

चार्ल्स शुल्झचंच बघा. 'पीनट्स'वाला. स्नूपीचा टी-शर्ट आपल्यातल्या निम्म्या लोकांनी घातलाय, कॉमिक कितींनी वाचलंय ते जाऊ दे. हा शुल्झ अमेरिकेत मिनियापोलिसला एका चित्रकलेच्या शाळेत नोकरीला होता. शाळा टपालाने चालायची. विद्यार्थी घरी चित्रं काढून पाठवणार, हे लोक ती तपासून परत धाडणार. तिथल्या एका सहकाऱ्याचं नाव होतं चार्ली ब्राउन. शुल्झने त्याला सरळ विचारलं, तुझं नाव वापरू का? तो हो म्हणाला, आणि कॉमिकमधल्या मुख्य पोराचं नाव पडलं चार्ली ब्राउन. दुसऱ्या सहकाऱ्याच्या नावावरून लायनस हे पात्र आलं. २ ऑक्टोबर १९५० ला सात वर्तमानपत्रांत ही स्ट्रिप, म्हणजे पेपरात येणारी चित्रांची पट्टी, सुरू झाली.

नावं अशी मित्रांची. पण आतला माल घरचा. चार्ली ब्राउनचे वडील न्हावी आहेत, कारण शुल्झचे वडील न्हावी होते. स्नूपी आला तो शुल्झच्या लहानपणच्या कुत्र्यावरून. स्पाइक त्याचं नाव, रंग काळा-पांढरा, आणि पठ्ठ्या टाचण्या आणि ब्लेडसुद्धा गिळायचा म्हणे!

आता खरा मुद्दा. त्याच शाळेत, हिशेबाच्या खात्यात, लाल केसांची एक मुलगी होती. १९५० मध्येच शुल्झने तिला मागणी घातली. ती नाही म्हणाली आणि तिने दुसऱ्याशी लग्न केलं. हे सगळं शुल्झने लगेच नाही काढलं. अकरा वर्षं गेली. १९६१ मध्ये चार्ली ब्राउन मधल्या सुट्टीत एकटाच बाकावर डबा खात बसलाय आणि लांबवर असलेल्या लाल केसांच्या मुलीचा विचार करतोय. जाऊन बोलायची हिंमत नाही. आणि ती मुलगी आपल्याला दिसतच नाही! पुढे इतकी वर्षं स्ट्रिप चालली, पण ती चौकटीबाहेरच. १९९८ मध्ये एकदा फक्त तिची नाचतानाची काळी आकृती दिसली, बस.

बघा हं, काय केलंय त्याने. सत्तावीस वर्षांच्या तरुणाला मिळालेला नकार त्याने एका शाळकरी पोराला दिला. लग्नाची मागणी काढून टाकली, राहिला फक्त बाक, डबा आणि मधलं अंतर. ऑफिसातल्या मित्रांना नावं मिळाली, आणि जिचं सगळ्यात जास्त लागलं तिला नावही नाही, चेहराही नाही. म्हणून तर आपण प्रत्येक जण तिथे आपापली कुणीतरी बसवतो. मला विचाराल तर अख्ख्या 'पीनट्स'मधली सगळ्यात खरी व्यक्ती तीच.

आता याच्या अगदी उलट. हँक केचम. 'डेनिस द मेनेस' त्याने १९५१ मध्ये सुरू केलं. मुलाचं नाव डेनिस, आईचं अ‍ॅलिस, वडिलांचं हेन्री. आणि खऱ्या घरात? मुलगा डेनिस, बायको अ‍ॅलिस, आणि हँक म्हणजे हेन्रीच! मुलाने खोलीत पसारा घातला म्हणून बायको वैतागली, तिथून ही कल्पना सुचली. काहीही न बदलता उचललं. खरी अ‍ॅलिस १९५९ मध्ये गेली. कॉमिकमधली अ‍ॅलिस मात्र रोज सकाळी पेपरात हजर, आणि डेनिस कायमचा लहान. खरा डेनिस मोठा होत होता, त्याचं आणि वडिलांचं पुढे जमलं नाही. सगळा दोष कॉमिकचा, असं मी म्हणणार नाही. पण त्या पोराला कुणी विचारलं होतं का?

आणि कधी कधी मित्र कॉमिकच बदलून टाकतो. 'टिनटिन' हे कॉमिक काढणारा एर्जे १९३४ मध्ये ब्रसेल्समध्ये शिकायला आलेल्या चांग नावाच्या चिनी तरुणाला भेटला. चांगने त्याला खरा चीन समजावला, म्हणून टिनटिनच्या 'ब्लू लोटस' या गोष्टीतल्या भिंतींवरची चिनी अक्षरं खरी आहेत. त्यात चांग नावाचा मुलगाही आहे. पुढे चांग मायदेशी गेला, संपर्क तुटला. म्हणून १९५८ मध्ये सुरू झालेल्या गोष्टीत टिनटिन दिल्ली, काठमांडू करत हिमालयात जातो तो चांगच्या शोधात. गोष्टीत व्हिलनच नाही! खरा चांग ब्रसेल्सला परत भेटला तो १९८१ मध्ये.

तर आता आपला तो उशिरा येणारा मित्र. त्याचा चष्मा, त्याची दाढी, त्याची बुलेट, काही नको. "पोचलोच, पाच मिनिटं" असं आंघोळीच्या आधी सांगतो ना, तेवढं घ्या आणि एखाद्या आजीला द्या. लग्नघरातल्या आजीला! मजा येते की नाही बघा. त्यावर तुम्हाला जो राग आला होता, तो ज्या पात्रात तुम्ही स्वतः आहात त्याला द्या. आणि छापायच्या आधी पानं मित्राला दाखवा, शक्यतो समोर बसून. हसला तर प्रश्नच नाही. गप्प झाला, तर नुसतं नाव बदलून भागणार नाही, ते पान बाजूलाच ठेवा.