जॉनी कॉक्रन: हातमोज्याच्या आधी आणि नंतर

नमस्कार श्रोतेहो.

१९६६ साली लॉस एंजेलिसमध्ये एका मृत्यूची चौकशी टीव्हीवर दाखवली जात होती. लेनर्ड डेडवायलर नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण गरोदर बायकोला कळा सुरू झाल्या म्हणून भरधाव गाडी हाकत हॉस्पिटलकडे निघाला होता. गाडीच्या अँटेनाला त्यानं पांढरं फडकं बांधलं होतं. तो मूळचा दक्षिणेकडचा, आणि तिकडे ही घाईची, अडचणीची खूण मानत. पोलिसांनी पाठलाग करून गाडी अडवली. एक पोलिस पिस्तूल हातात घेऊन खिडकीतून आत वाकला, गोळी सुटली आणि डेडवायलर बायकोशेजारीच गेला.

मग बसली कॉरोनरची, म्हणजे संशयास्पद मृत्यूंचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याची चौकशी. आपल्या मुंबईतही एकेकाळी कॉरोनर कोर्ट होतं, जुन्या मंडळींना आठवत असेल. या चौकशीत विधवेच्या वकिलाला साक्षीदारांना थेट प्रश्न विचारायची मुभा नव्हती. त्यानं प्रश्न सरकारी वकिलाच्या कानात सांगायचा आणि सरकारी वकिलानं तो मोठ्यानं विचारायचा. त्यामुळे दर थोड्या वेळानं सरकारी वकील म्हणायचा, "मिस्टर कॉक्रन यांना जाणून घ्यायचं आहे की..." पुन्हा पुन्हा तेच. घराघरात टीव्हीसमोर बसलेल्या माणसांनी ते ऐकलं. चौकशीत पोलिस निर्दोष ठरला, पुढे भरपाईचा दावाही कॉक्रन हरले. पण अठ्ठावीस वर्षांच्या त्या वकिलाचं नाव शहराला पाठ झालं, आणि तेही प्रतिपक्षाच्या तोंडून.

जॉनी कॉक्रन हे नाव तुम्ही ऐकलं असेल ते बहुधा ओ. जे. सिम्पसनचा वकील म्हणून. खेळाडू, गायक, नट यांचे खटले लढवणारा, झगमगीत सूट घालणारा वकील. त्यांच्याविषयी बोलताना लोक सिम्पसनपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. मला हे पटत नाही. नामवंतांची वकिली ही काही स्वतंत्र विद्या नसते. कॉक्रन यांनी सिम्पसनसाठी कोर्टात जे केलं, ते सगळं ते नाव नसलेल्या माणसांच्या खटल्यांत शिकले होते. आज त्या शिक्षणाविषयीच जास्त बोलणार आहे.

जन्म १९३७चा, लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्टचा. पणजोबांच्या पिढीत गुलामगिरी भोगलेलं घर. वडील विमा एजंट, पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात आलं. कायद्याची पदवी १९६२ची, आणि पहिली नोकरी लॉस एंजेलिस शहराच्या सरकारी वकिलाच्या कचेरीत, म्हणजे फिर्यादी पक्षाच्या बाजूला. चांगल्या बचाव वकिलांपैकी कितीतरी जण आधी तिकडच्या खुर्चीत बसून आलेले असतात. पोलिसांचा अहवाल कसा तयार होतो, कोणतं वाक्य प्रत्येक अहवालात जसंच्या तसं येतं, कुठली सही नंतर केलेली असते, हे तिथेच कळतं.

आता एका खेळाडूची गोष्ट. रॉन सेटल्स, लाँग बीचच्या विद्यापीठाच्या संघातला अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू, वय २१. जून १९८१ मध्ये सिग्नल हिल नावाच्या छोट्या गावात त्याला वेगानं गाडी चालवल्याबद्दल पोलिसांनी पकडलं आणि काही तासांत तो कोठडीत गळफास लागलेल्या अवस्थेत सापडला. पोलिस म्हणाले, आत्महत्या. आईवडिलांना ते पटेना. कॉक्रन यांनी त्यांच्यापुढे ठेवलेला प्रस्ताव ऐकायलाही जड आहे: पुरलेला देह उकरून पुन्हा शवविच्छेदन करायचं. दुसऱ्या तपासणीत गळा आवळल्याच्या खुणा दिसल्याचं डॉक्टरांचं मत पडलं. कॉरोनरच्या ज्युरीनंही मृत्यू दुसऱ्याच्या हातून झाल्याचा निष्कर्ष दिला. कोणाही पोलिसावर गुन्हा मात्र दाखल झाला नाही. १९८३ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलरची तडजोड झाली, आणि कागदोपत्री हा खटला 'जिंकला' असा नोंदला गेला.

डेडवायलर आणि सेटल्स या दोन्हींच्या मधे आणखी एक खटला आहे, आणि माझ्या मते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा तोच. जेरॉनिमो प्रॅट हा कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचा कार्यकर्ता. सँटा मोनिकातल्या टेनिस कोर्टवर १९६८ मध्ये झालेल्या एका शिक्षिकेच्या खुनाचा त्याच्यावर आरोप. त्याचं म्हणणं, मी तेव्हा शेकडो मैल लांब ओकलंडमध्ये होतो. १९७२ मध्ये कॉक्रन यांनी त्याचा बचाव केला आणि हरले. जन्मठेप झाली. मुख्य साक्षीदार ज्युलियस बटलर यानं शपथेवर सांगितलं होतं की मी कोणाचा खबऱ्या नाही. तो पोलिसांचा आणि एफबीआयचा खबऱ्या होता, ही गोष्ट बचाव पक्षापासून दडवली गेली होती. ते उघडकीला आणून सिद्ध करायला पंचवीस वर्षं लागली. १९९७ मध्ये न्यायाधीश एव्हरेट डिकी यांनी शिक्षा रद्द केली आणि सत्तावीस वर्षं तुरुंगात काढून प्रॅट बाहेर आला. वकिलीतला सर्वांत आनंदाचा दिवस हाच, असं कॉक्रन तेव्हा म्हणाले. लक्षात घ्या, तोवर सिम्पसनचा निकाल लागून दोन वर्षं होत आली होती.

हरलेला खटला वकील सहसा कपाटात ठेवून देतो. अशील तुरुंगात जातो, वकील पुढच्या तारखेला. पंचवीस वर्षं एकाच हरलेल्या फायलीशी बांधून घेणं दुर्मिळ आहे, आणि त्या काळात कॉक्रन श्रीमंत, प्रसिद्ध, कामात गळ्यापर्यंत बुडालेले होते.

मधल्या काळात, १९७८ मध्ये, ते पुन्हा सरकारी बाजूला गेले. लॉस एंजेलिस काउंटीच्या डिस्ट्रिक्ट अटर्नीच्या, म्हणजे मुख्य सरकारी वकिलाच्या कचेरीत वरिष्ठ पदावर. त्या पदावर असतानाच एकदा सनसेट बुलेव्हारवर पोलिसांनी त्यांची रोल्स रॉइस अडवली. मागच्या सीटवर लहान मुलं, आणि बाहेरून रोखलेल्या बंदुका. बॅगेत डिस्ट्रिक्ट अटर्नीच्या कचेरीचा बिल्ला सापडल्यावर पोलिसांचा सूर बदलला. हा किस्सा ते पुढे अनेकदा सांगत.

नंतर आले नामवंत अशील. बालनट म्हणून गाजलेला टॉड ब्रिजेस खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपातून सुटला. मायकेल जॅक्सनवर १९९३ मध्ये झालेल्या आरोपांत दिवाणी दावा १९९४च्या जानेवारीत कोर्टाबाहेर मिटला. हेवीवेट विजेता मुष्टियोद्धा रिडिक बो यानं बायकोच्या अपहरणाचा गुन्हा कबूल केला होता. तिथे मुद्दा होता की रिंगमध्ये डोक्यावर बसलेल्या ठोशांनी त्याच्या मेंदूला इजा झाली आहे, म्हणून शिक्षा सौम्य हवी. न्यायाधीशांनी ३० दिवस दिले, वरच्या कोर्टानं ते फिरवलं आणि बो याला दीड वर्षाच्या आसपास तुरुंगात काढावं लागलं. खेळाडूच्या वकिलाला असे मुद्दे मांडावे लागतात जे इतर अशिलांच्या बाबतीत सुचणारही नाहीत.

आता सिम्पसन. अमेरिकन फुटबॉलमध्ये एका मोसमात २,००० यार्डांच्या वर धावणारा पहिला खेळाडू, पुढे नट आणि जाहिरातींतला चेहरा. १२ जून १९९४च्या रात्री त्याची घटस्फोटित पत्नी निकोल ब्राउन सिम्पसन आणि तिचा मित्र रॉनल्ड गोल्डमन यांचे खून झाले. डीएनए, रक्ताचे डाग, हातमोजे, आणि आधी निकोलला केलेल्या मारहाणीची नोंद, असा पुरावा सरकारकडे भरपूर होता. बचावाच्या फळीत एफ. ली बेली, ॲलन डर्शोविट्झ, बॅरी शेक अशी नावं. रॉबर्ट शपिरो आधी पुढे होते, पण खटला उभा राहिला तेव्हा सूत्रं कॉक्रन यांच्या हाती आली.

ज्युरी म्हणजे काय हे मराठी श्रोत्यांना वेगळं सांगायला नको. १९०८ मध्ये मुंबईत लोकमान्यांना सात विरुद्ध दोन अशा मतांनी दोषी ठरवलं ते ज्युरीनंच, आणि तो निकाल ऐकल्यावर टिळक जे बोलले ते आजही उच्च न्यायालयाच्या भिंतीवर कोरलेलं आहे. नंतर नानावटी खटल्यात ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष म्हटलं आणि उच्च न्यायालयानं ते फिरवलं. आपल्याकडे ही पद्धत गेली, म्हणून आपला फौजदारी वकील आज न्यायाधीशासमोर बोलतो. कॉक्रन बोलत होते ते बारा सामान्य माणसांसमोर, जी आठ महिन्यांहून जास्त काळ घरापासून तोडून हॉटेलात ठेवलेली होती.

ज्युरी सिम्पसनच्या घराची पाहणी करायला गेली, त्याआधी बचाव पक्षानं घराच्या भिंती बदलून टाकल्या. गोऱ्या मित्रमंडळींचे फोटो उतरले, कृष्णवर्णीय नातलगांचे लागले, आणि कॉक्रन यांच्या कचेरीतलं शाळेला निघालेल्या छोट्या कृष्णवर्णीय मुलीचं चित्रही तिथे टांगलं गेलं. त्यांच्या टीममधल्या वकिलानंच हे नंतर मुलाखतीत सांगितलं. मला विचाराल तर ही हातचलाखी होती. कौतुकानं सांगतात लोक, मला कौतुक वाटत नाही.

हातमोज्याचा प्रसंग मात्र बचावाची करामत नव्हती, ती सरकारी वकिलाची चूक. १५ जून १९९५ ला ख्रिस्टोफर डार्डन यांनी सिम्पसनला भर कोर्टात पुराव्यातले, खुन्याचे मानलेले हातमोजे घालायला लावले. आत रबरी मोजे, वर पुराव्यात पडून राहिलेलं चामडं. ते हाताला बसेनात. उलटतपासणी शिकवताना सगळे सिनियर सांगतात की उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारू नये; इथे तर प्रश्न आरोपीच्या हातालाच विचारला गेला होता. अखेरच्या युक्तिवादात कॉक्रन यांनी त्याचं यमक केलं, हातमोजा बसत नसेल तर सोडलंच पाहिजे, अशा अर्थाचं. ओळ मुळात सुचली होती सहकारी जेराल्ड युलमन यांना. त्याच भाषणात त्यांनी स्वतःच्या डोक्यावर लोकरी टोपी चढवली. मी टोपी घातली तरी तुम्हाला जॉनी कॉक्रनच दिसतो, मग सिम्पसन टोपी घालून ओळख लपवायला गेला हे पटतं का, असा त्यांचा सवाल होता.

पण खटला फिरला तो मार्क फर्मन या तपास अधिकाऱ्यावर. दहा वर्षांत कृष्णवर्णीयांसाठीची ती शिवी मी उच्चारली नाही, असं तो शपथेवर म्हणाला, आणि मग एका पटकथालेखिकेकडच्या ध्वनिफितींत त्याच्या तोंडी ती वारंवार ऐकू आली. १९९६ मध्ये तो खोट्या साक्षीच्या आरोपात दोषी ठरला. डेडवायलर, सेटल्स, प्रॅट या सगळ्यांत पोलिसांच्या शब्दाला शब्द देऊन हरलेला, झगडलेला माणूस इथे त्या साक्षीची किंमत ओळखायला चुकणार नव्हता. पुढे जाऊन त्यांनी फर्मनची तुलना हिटलरशी केली. ते अति झालं. मारल्या गेलेल्या रॉनल्डच्या ज्यू वडिलांना ते सहन झालं नाही, आणि शपिरो यांनीही निकालानंतर जाहीर नाराजी व्यक्त केली. ३ ऑक्टोबर १९९५ ला निकाल आला: निर्दोष. ज्युरीची चर्चा चार तासांच्या आत संपली होती. १९९७ मध्ये दिवाणी कोर्टानं मात्र सिम्पसनला त्या दोन मृत्यूंसाठी जबाबदार धरलं आणि भरपाई सव्वातीन कोटी डॉलरच्या वर गेली. फौजदारीत संशयाचा फायदा, दिवाणीत शक्यतेचं पारडं, त्यामुळे दोन्ही निकाल एकत्र नांदू शकतात. निकोलच्या घरच्यांना हे कसं समजावून सांगायचं, याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही.

या निकालानंतर कॉक्रन यांची फर्म अनेक राज्यांत पसरली. आपल्याकडे बार कौन्सिलचे नियम वकिलाला जाहिरात करू देत नाहीत, भरपाईच्या रकमेत वाटाही घेऊ देत नाहीत. तिकडे दोन्ही चालतं. न्यूयॉर्कच्या पोलिस चौकीत १९९७ मध्ये अत्याचार झालेल्या ॲबनर लुइमाच्या दाव्यात ८७ लाख ५० हजार डॉलर मिळाले, आणि अशा दाव्यांत पैसे नसलेला माणूसही मोठा वकील उभा करू शकतो, ही त्या पद्धतीची चांगली बाजू. आपण 'ओजें'साठी जेवढं काम केलं तेवढंच 'नोजें'साठी, ज्यांना कोणी ओळखत नाही त्यांच्यासाठी केलं, असं कॉक्रन म्हणत.

खेळाच्या दृष्टीनं त्यांचं सर्वांत टिकाऊ काम कोर्टाबाहेरचं आहे. २००२ मध्ये टोनी डंजी आणि डेनिस ग्रीन या दोन यशस्वी कृष्णवर्णीय प्रशिक्षकांना फुटबॉलच्या संघांनी काढून टाकलं होतं. त्याच वर्षी कॉक्रन आणि वकील सायरस मेहरी यांनी एक अहवाल काढला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञ जॅनिस मॅडन यांनी पंधरा मोसमांचे आकडे तपासले होते. कृष्णवर्णीय प्रशिक्षक मोसमाला सरासरी १.१ सामने जास्त जिंकत होते, आणि तरी त्यांना नेमलं जात होतं कमी, काढलं जात होतं आधी. दावा ठोकण्याचा इशारा होताच. २००३ मध्ये एनएफएलनं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगनं, रूनी नियम आणला: मुख्य प्रशिक्षक नेमण्याआधी किमान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्यायचीच. या नियमाचं पुढे काय झालं, नुसत्या दिखाव्याच्या मुलाखती किती झाल्या, यावर तिकडे अजून भांडणं चालू आहेत.

आणि कॉक्रन यांच्या नावाचा एक खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही आहे, पण त्यात ते वकील नव्हते, पक्षकार होते. एक नाराज जुना अशील त्यांच्या कचेरीबाहेर फलक घेऊन उभा राहायचा, त्यांना चोर, लबाड म्हणायचा. कॉक्रन यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावून त्याच्याविरुद्ध कायमची मनाई मिळवली होती. सर्वोच्च न्यायालयात २२ मार्च २००५ ला युक्तिवाद झाला. २९ मार्चला कॉक्रन मेंदूतल्या गाठीच्या आजारानं गेले. त्यांच्या जागी पत्नीचं नाव लागलं आणि मेअखेर न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी ती मनाई रद्द केली. माणूसच हयात नसताना त्याच्याविषयी बोलायची एवढी व्यापक बंदी टिकत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.