कॉलनीच्या खालचं गाव

(सकाळ. कॅथीड्रलचे दोन मनोरे. चौकातून लगबगीने जाणारी माणसं.)

ताप चढला की आई कपाळावर कोलनवॉटरच्या पट्ट्या ठेवायची. त्यातलं ‘कोलन’ म्हणजे हे शहर. जर्मनीतलं, ऱ्हाईन नदीच्या डाव्या काठावरचं कोलोन. हे नावसुद्धा झिजून झिजून उरलेलं आहे. मूळ लॅटिन शब्द ‘कोलोनिया’, म्हणजे वसाहत. आपल्या रेल्वे कॉलनीतली कॉलनी तीच.

इसवी सन ५० मध्ये सम्राट क्लॉडियसने या गावाला रोमन वसाहतीचा दर्जा दिला. त्याची राणी अग्रिपिना इथेच जन्मली होती, आणि आपल्या जन्मगावाचा मान वाढावा ही तिची इच्छा. पूर्ण नाव ठरलं कोलोनिया क्लॉडिया आरा अग्रिपिनेन्सियम. एवढं मोठं नाव रोज कोण घेणार? लोकांनी पहिला शब्द ठेवला, बाकीचे सोडून दिले.

(होहे श्ट्रासे. दुकानं, पिशव्या, गर्दी.)

हा आज खरेदीचा रस्ता. रोमन काळात गावाचा उत्तर-दक्षिण मुख्य रस्ता हाच होता. त्या रेषेवरून माणसं आजही चालतात, फक्त काही मीटर उंचावरून. मधल्या थरात दोन हजार वर्षं भरली आहेत.

(वायव्य कोपऱ्यातला बुरूज. दगडांवरून सरकणारा कॅमेरा.)

गावाभोवती जवळपास चार किलोमीटरचा तट होता. त्याचा हा कोपऱ्यातला बुरूज. गवंड्यांनी वेगवेगळ्या रंगांचे दगड बसवून इथे वर्तुळं काढली, त्रिकोण काढले, छोटी देवळं काढली. तटाच्या भिंतीवर एवढी हौस! मध्ययुगात शेजारच्या मठातल्या जोगिणींनी या बुरुजाचा शौचकूप केला. वापरात राहिला, म्हणून पाडला गेला नाही.

(मोझॅक, अगदी जवळून.)

१९४१. महायुद्ध सुरू होतं. कॅथीड्रलच्या दक्षिणेला, हवाई हल्ल्यात लोकांना आसरा मिळावा म्हणून बंकरचा खड्डा खणला जात होता. खणताना रंगीत खडे लागले. माती बाजूला होत गेली तशी एका श्रीमंत रोमन घराच्या जेवणघराची फरशी वर आली. तिसऱ्या शतकातली. साधारण साडेदहा मीटर लांब, सात मीटर रुंद. पंधरा लाखांच्या आसपास खडे, कुठला दगडाचा, कुठला काचेचा, कुठला भाजलेल्या मातीचा. मधोमध मद्याचा देव डायोनायसस. झिंगलेला, सोबत्याच्या खांद्यावर रेललेला.

आता कडेला पाहा. दोन पोपट एका चिमुकल्या गाडीला जुंपलेत, अगदी बैलजोडीसारखे. हा पक्षी ऱ्हाईनकाठचा नव्हे. प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय की माणसासारखं बोलणारा हा पक्षी भारतातून येतो. त्याची हिरवी पिसं दाखवायला कारागिराने एकाला एक लागून किती छटांचे खडे निवडलेत! आम्ही इथे बराच वेळ कॅमेरा थांबवला.

ही फरशी सापडली त्याच जागी आजही आहे. १९७४ मध्ये तिच्याभोवती रोमन-जर्मन संग्रहालय उभं राहिलं.

(कृष्णधवल चित्रण. बॉम्बहल्ल्यानंतरचं शहर. निवेदन नाही.)

१९५३ मध्ये उद्ध्वस्त नगरभवनाचं बांधकाम पुन्हा सुरू झालं आणि त्याच्या पायाशी रोमन प्रांताधिकाऱ्याचा वाडा लागला. पुढे जिना उतरून या भिंतींपर्यंत जाण्याची सोय झाली. जवळच दगडी गटार आहे. त्यात माणूस ताठ उभा राहतो.

इथल्या पुरातत्त्वज्ञांचं म्हणणं साधं आहे. यंत्र उतरण्याआधी आम्हाला उतरू द्या. माती एकदा ट्रकमध्ये भरली गेली की थर मोडतो. थर मोडला की खापर नुसतं खापर उरतं, ते कुठल्या काळचं, कुणाच्या घरातलं, हे सांगणारं काही राहत नाही. १९८० पासून या राज्यात स्मारक संरक्षणाचा कायदा आहे. ठेकेदाराचा एक दिवस थांबला तरी पैसा जातो, हे खरं. तरीही हे शहर थांबतं, आणि आम्हाला त्याचं मोल मोठं वाटतं.

(भुयारी रेल्वेच्या बांधकामाची दृश्यं.)

शहराखालून भुयारी रेल्वेचा नवा मार्ग काढताना जुन्या रोमन बंदराचा गाळ उपसला गेला. त्यात लाकूड टिकून होतं. ३ मार्च २००९ रोजी याच मार्गाच्या एका खड्ड्यालगतची शहर अभिलेखागाराची इमारत कोसळली आणि दोन जणांचा मृत्यू झाला.

(चर्चजवळचा खड्डा. कुंचला, दोरी, मोजपट्टी.)

२०१७. बाजारपेठेच्या मध्यभागी एका प्रोटेस्टंट चर्चला नवी इमारत बांधायची होती. पाया खणताना जाडजूड रोमन भिंती लागल्या. सुमारे वीस मीटर लांब, नऊ मीटर रुंद वास्तू, दुसऱ्या शतकातली. सभागृह असावं, असा पहिला अंदाज. पण भिंतीत कोनाडे होते. जुन्या वाड्यांत दिव्यासाठी देवळी असते, तसे, जरा मोठे. साधारण ऐंशी सेंटीमीटर बाय पन्नास.

कशासाठी असतील? मूर्तीसाठी म्हणावं, तर मूर्ती मावेना. मापं पुन्हा घेतली गेली. मग दुसऱ्या रोमन शहरांतल्या इमारतींशी ती ताडून पाहिली. तुर्कस्तानातल्या एफेसस इथल्या सेल्ससच्या ग्रंथालयात असेच कोनाडे आहेत. त्यात कपाटं बसवलेली असत आणि कपाटांत गुंडाळलेल्या पोथ्या. कोडं उलगडलं. हे ग्रंथालय होतं, आणि जर्मनीत सापडलेलं सर्वांत जुनं.

पोथी एकही हाती लागली नाही. कोनाडे मोजायला कुणीतरी थांबलं, एवढ्यावरून हे कळलं.

नवी इमारत झाली. आराखड्यात बदल करून भिंतीचा काही भाग तळघरात जपला आहे.

(तळघर. दिवा लागतो. एक कोनाडा, रिकामा.)