अण्णांचा उजवा पाय

श्रोतेहो, नमस्कार. आज पाळण्यावर बोलायचंय. जत्रेतल्या नाही, अमेरिकेतल्या. न्यू जर्सी राज्यात जॅक्सन म्हणून गाव आहे. तिथल्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर या पार्कात २००५ साली एक पोलादी रोलर कोस्टर उभा राहिला. नाव किंगडा का. उंची ४५६ फूट, म्हणजे जवळजवळ दोन कुतुबमिनार एकावर एक.

एरवी असली गाडी साखळीनं कडकड करत वर ओढतात आणि मग सोडून देतात. इथं साखळी नाही. गाडी सपाट रुळावर उभी असते आणि साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किलोमीटर वेग घेते. पुन्हा सांगतो, साडेतीन सेकंद. तुमच्या घरातला पंखा तेवढ्यात नीट फिरायलाही लागत नाही.

पंपानं तेल दाबून नायट्रोजन वायू आवळून ठेवायचा, आणि एकदम मोकळा सोडायचा. मोटारी फिरतात, भल्यामोठ्या ढोलावर तार गुंडाळली जाते, तारेचा आकडा गाडीला खेचत नेतो. रहाटच, पण पिसाळलेला. यंत्राचं एवढं पुरे. मला आमच्या अण्णांचं सांगायचंय.

अण्णा, म्हणजे माझे वडील, ३२ वर्षं एसटीत ड्रायव्हर. सातारा-स्वारगेट. निवृत्तीनंतर, २०११ च्या उन्हाळ्यात, आम्ही धाकट्या भावाकडं, न्यू जर्सीतल्याच एडिसन गावी गेलो. त्यानं सगळ्यांना या पार्कात नेलं. अण्णांनी मान वर करून तो मनोरा पाहिला, टोपी मागं पडता पडता सावरली आणि विचारलं, "ड्रायव्हर कुठाय हिचा?"

"नाही, अण्णा."

"ब्रेक?"

"ते रुळाला आहेत."

भावानं समजावलं. रुळाच्या मधोमध धातूच्या पट्ट्या आहेत, गाडीला लोहचुंबक आहेत. पट्ट्या वर आल्या की गाडी आवरते. काही घासत नाही, वीजही लागत नाही. क्वचित गाडीला वेग कमी पडतो, ती माथा न ओलांडता मागं येते, तेव्हा त्याच पट्ट्या तिला थांबवतात. अण्णा म्हणाले, "म्हणजे घाट चढली नाही तरी धरणार. बसू मग."

आई म्हणाली, "अहो, वय बघा." अण्णांनी टोपी काढून तिच्या हातात दिली. झालं.

मी शेजारी बसलो. खांद्यावरून आडवा येणारा कठडा खाली आला. फलाटावरच्या मुलीनं अंगठा वर केला, अण्णांनी कंडक्टरला करतात तशी मान डोलावली. गाडी पुढं जाऊन थांबली. आणि मग किंचित, अगदी वीतभर, मागं सरकली. तारेचा आकडा बसताना ती सरकतेच. पण घाटात गाडी मागं सरकली की ड्रायव्हरला काय सुचतं? अण्णांचा उजवा पाय फाडकन खाली गेला. तिथं नुसता पत्रा!

पुढचं मला धड आठवत नाही. धक्का, वारा, डोळ्यांत पाणी. गाडी उभीच्या उभी वर, वळसा घेत खाली, मग आणखी एक टेकाड. सगळा खेळ २८ सेकंदांचा. थांबल्यावर पाहतो तर अण्णांचा पाय तसाच, पोटरी दगडासारखी. मी म्हटलं, "अण्णा, सोडा आता." ते म्हणाले, "पूर्ण थांबू दे."

कठडा उघडेपर्यंत एकही माणूस जागचा हलला नाही, याचं त्यांना फार कौतुक. मलाही आहे. आपल्याकडं कात्रज उतरला की लोक बॅगा काढून दारात उभे. कशासाठी? स्वारगेट काय पळून जातंय? असो.

तर श्रोतेहो, हा किंगडा का आता नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो शेवटचा धावला आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला सुरुंग लावून मनोरा पाडला. भावानं व्हिडिओ पाठवला. मनोरा कमरेत वाकला आणि धुरळ्यात बसला. अण्णांनी तो दोनदा पाहिला. चष्मा पुसला.

"ती अंगठा दाखवणारी पोरगी," ते म्हणाले, "तिला दुसऱ्या गाडीवर घेतलं का रे?"