रेझांग ला: १३ कुमाऊंच्या ११४ जवानांचं स्मारक

लडाखमध्ये पँगाँग बघून चुशूलमार्गे पुढे जाणारे आपल्याकडचे बरेच बाईकवाले या स्मारकावरून जातात. दगडावर कोरलंय, १३ कुमाऊंच्या, म्हणजे कुमाऊं रेजिमेंटच्या तेराव्या बटालियनच्या, ११४ शहिदांसाठी, आणि खाली, बटालियनच्या सगळ्या हुद्द्यांच्या लोकांनी मिळून बांधलं म्हणून. आता इथे लढलेल्या त्यांच्या चार्ली कंपनीत माणसं होतीच किती, तर १२० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ अख्खी कंपनीच गेली.

१८ नोव्हेंबर १९६२, चीन युद्धातली रविवारची पहाट. रेझांग ला खिंड १६ हजार फुटांवर, कंपनी मेजर शैतान सिंह यांची. मध्ये डोंगर आडवा, त्यामुळे मागून आपल्या तोफांची मदत मिळणारच नव्हती, आणि हे त्यांना लढाईच्या आधीपासून माहीत होतं. हातात थ्री नॉट थ्री रायफली, अंगावरचे कपडे त्या थंडीपुढे काहीच नाहीत, आणि पोरं कुठली तर रेवाडी, महेंद्रगडकडची, सपाट रानात वाढलेली अहीर शेतकऱ्यांची पोरं. चिनी सैन्य लाटांमागून लाटा घेऊन येत राहिलं आणि ही पोरं जागची हलली नाहीत. मेजर साहेब एका मोर्च्यावरून दुसऱ्या मोर्च्यावर फिरत होते, जबर जखमी झाले, तेव्हा मला इथेच सोडा आणि तुम्ही जा असं त्यांनीच जवानांना सांगितलं.

जे थोडे वाचून खाली आले त्यांनी हे सगळं सांगितलं, पण सुरुवातीला विश्वास कोणी ठेवायला तयार नाही! ही गोष्ट मला फार लागते.

मग फेब्रुवारी १९६३ मध्ये एक मेंढपाळ वर गेला आणि त्याला ते दिसले. थंडीने गोठलेले, आपापल्या खंदकातच, कोणाच्या हातात रायफल तशीच धरलेली, आणि नर्सिंग असिस्टंट धर्मपाल दहिया यांच्या हातात इंजेक्शनची सिरिंज, म्हणजे शेवटपर्यंत माणूस जखमींचंच बघत होता. मेजर साहेब खडकाला टेकलेले सापडले. त्यांना जोधपूरला नेलं, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं, बाकीच्यांना इथेच चुशूलला लष्करी इतमामात अग्नी दिला.

२०२१ ला स्मारक नव्याने मोठं बांधलं. १८ नोव्हेंबरलाच उद्घाटन झालं, तेव्हा १३ कुमाऊंचे निवृत्त ब्रिगेडियर आर. व्ही. जटार व्हीलचेअरवर आले होते, आणि ती व्हीलचेअर संरक्षणमंत्री राजनाथ सिंह स्वतः ढकलत आत घेऊन गेले.