आत जाताना घाबरायचं कशाला

नमस्कार मंडळी, आज मला बोलायचंय ते मोठ्या शहरातल्या एखाद्या झगमगीत, महागड्या रेस्टॉरंटात जेवायला जाण्याबद्दल, आणि खरं सांगू का, दारातून आत शिरताना पोटात जो गोळा येतो ना, त्याबद्दल जास्त. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ती झुंबरं, ते पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, हळू आवाजात बोलणारे वेटर, सगळं बघून दडपूनच गेले. प्लेटच्या दोन्ही बाजूंना इतके काटे-चमचे की शेजारचा काय उचलतोय ते बघूनच मी उचलत होते, आणि जेवणाची चव काही लक्षात राहिली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

नंतर हळूहळू कळत गेलं की तिथल्या बहुतेक रीतींमागे अगदी साधी कारणं असतात. काटे-चमचेच घ्या. पूर्वी युरोपातल्या बड्या मेजवान्यांत ढीगभर पदार्थ एकदमच टेबलावर मांडायचे, मग हात पोचेपर्यंत अन्न गार. 19व्या शतकात रशियन पद्धत आली, एकामागून एक, गरम गरम, ज्याच्या त्याच्या पुढ्यात. म्हणून प्रत्येक कोर्सच्या, म्हणजे जेवणातल्या प्रत्येक फेरीच्या, काटे-सुऱ्या वेगळ्या आणि क्रम बाहेरून आत. बाहेरचा आधी उचलायचा, बस्स, आणि चुकलाच तर वेटर गुपचूप दुसरा आणून ठेवतो. खाऊन झालं की काटा-सुरी प्लेटमध्ये शेजारी शेजारी ठेवा, त्याला न सांगता कळतं. वाइन मागवली तर आधी घोटभरच ओततात ना, ते आवडली का हे विचारायला नसतं, बुचामुळे बाटली खराब तर झाली नाही ना हे बघायला असतं. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बिनधास्त परत करा.

आणि मेन्यू कार्डावरचा शब्द कळला नाही तर विचारा हो! समजावून सांगणं हे त्यांचं कामच आहे आणि चांगल्या वेटरला ते मनापासून आवडतं. कशाची ॲलर्जी असेल तर बुकिंग करतानाच सांगा, ऐनवेळी किचनची फार धावपळ होते.

किचनवरून आठवलं, माझा जीव खरा तिथे अडकतो. ऑग्युस्त एस्कॉफिए नावाचे फ्रेंच शेफ होते, तरुणपणी सैन्यात स्वयंपाक केलेले. 1890 मध्ये ते लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात आले, आणि किचनची जी शिस्त त्यांनी बसवली, सॉसवाला वेगळा, भाजणारा वेगळा, गोड करणारा वेगळा, आणि सगळ्यांवर एक मुख्य शेफ, ती आजही मोठ्या किचनांत चालते. बाहेर आपण शांतपणे गप्पा मारत असतो तेव्हा आत चार जणांसाठीच्या चार वेगळ्या डिश एकाच मिनिटाला तयार व्हाव्यात म्हणून किती जण घामाघूम होत असतात, याची आपल्याला कल्पनाच नसते.

मिशेलिनचे स्टार तर तुम्ही ऐकले असतीलच. मिशेलिन या टायरच्या कंपनीने 1900 मध्ये गाडीवाल्यांसाठी गाइड काढलं, 1926 पासून रेस्टॉरंटांना स्टार द्यायला सुरुवात केली. त्यांचे इन्स्पेक्टर ओळख लपवून येतात, बिल स्वतः भरतात, आणि स्टार देताना झुंबर, पडदे, गालिचे यातलं काहीच धरत नाहीत, फक्त ताटातलं बघतात. हे समजलं त्या दिवशी मला केवढा धीर आला! म्हणजे मी ज्या झगमगाटाला बिचकत होते तो मुद्दा नव्हताच.

मागच्या वेळी गेले तेव्हा मुद्दाम किचनच्या दाराजवळचं टेबल मागितलं, जे सहसा कुणाला नको असतं. दार उघडलं की क्षणभर आतलं दिसायचं. एक तरुण मुलगा प्लेटची कड कापडाने पुसत होता, एकदा पुसली, उजेडात धरून बघितली, परत पुसली. दोन मिनिटांनी तीच प्लेट माझ्यासमोर आली.