काळाघोड्याला पाणी किती?

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाने दोन दिवस सलग झोडपलं की बडोद्यात सकाळी पहिला प्रश्न ठरलेला असतो: काळाघोडा पुलापाशी विश्वामित्री किती फुटांवर? धोक्याची पातळी २६ फूट. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ फुटांच्याही वर गेली होती. नदीकाठच्या भागातला दुकानदार हा आकडा आणि शहराजवळच्या आजवा जलाशयाची पातळी ऐकतो आणि खालचा माल माळ्यावर चढवायचा की नाही, ते ठरवतो. आकडा बाहेरून येतो, निर्णय त्याचा स्वतःचा, आणि माल उचलायला पोरं हाताशी असतात. जोखीम सांभाळणं म्हणतात ते हेच. विद्यापीठात मात्र त्याची फाइल होते.

त्या फाइलला जोखीम नोंदवही म्हणतात. तिच्यात साधारण असं लिहिलेलं असतं: ‘पूर. शक्यता मध्यम. परिणाम गंभीर. उपाय, योग्य ती दक्षता घेणे. जबाबदारी, समिती.’ रकाने सगळे भरलेले, पण यातून एक खुर्चीही वरच्या मजल्यावर जात नाही.

नोंद कशी हवी? आधी कारण, घटना आणि नुकसान एका वाक्यात. ‘नदी चढल्यावर पाणी गटारांतून उलटं आत येईल, तळमजल्यावरची मीटरची खोली बुडेल, आणि सर्व्हर, पाण्याचे पंप, वसतिगृहाचं स्वयंपाकघर एकदम बंद पडेल.’ असं लिहिलं की उपाय आपोआप दिसतो: मीटर आणि स्विचबोर्ड वर घ्या, गटाराच्या तोंडाला उलटं पाणी अडवणारी झडप बसवा. मग तीन गोष्टी आणखी. कोणती खूण दिसली की हलायचं, कोणत्या पदावरच्या माणसाने हलायचं, आणि नेमकं काय करायचं. समजा, १८ फुटांवर वॉर्डनने पिण्याचं पाणी आणि शिधा वरच्या मजल्यावर न्यायचा. २२ फुटांवर विद्युत विभागाने तळमजल्याची वीज तोडायची. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक इमारतीने ते आपल्या उंबरठ्याची उंची मोजून ठरवायचे. सगळ्या आवाराला एकच आकडा लावला तर एका इमारतीत विनाकारण धावपळ होते आणि दुसरीत उशीर. आणि २६ ची वाट पाहणाऱ्याला फक्त जिना चढायचं काम उरतं.

जनरेटर गच्चीवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळात न्यूयॉर्क विद्यापीठाच्या रुग्णालयाचे जनरेटर वरच होते. डिझेल वर चढवणारे पंप तळघरात होते. तळघर बुडालं, वीज गेली आणि रुग्णांना रातोरात जिन्यावरून उतरवावं लागलं. तेव्हा जनरेटरबरोबर पंप, टाकी, तारा आणि स्विच कुठे आहेत, तेही चालत जाऊन पाहायचं.

महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिरात हजारो हस्तलिखितं आहेत. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती तिथेच सिद्ध झाली. असा ठेवा जिथे असेल, तिथे आगीचा विचार करताना आग विझवणाऱ्या पाण्याचाही करावा लागतो. १८ एप्रिल २०२१ ला केप टाउन विद्यापीठाचं जॅगर ग्रंथालय डोंगरावरच्या वणव्याने पेटलं. आग अडवणारे दरवाजे खाली आले म्हणून तळघरातला संग्रह जळण्यापासून वाचला; पण बंबांचं पाणी तिथेच साचलं आणि तोच संग्रह भिजला.

भिजलेल्या कागदाला आपल्या दमट हवेत साधारण दोन दिवसांत बुरशी धरते. हजारो पानं तेवढ्या वेळात वाळवणं अशक्य, म्हणून भिजलेली पुस्तकं आणि कागद गोठवतात आणि मग सवडीने थोडे थोडे वाळवतात. गोठवायचं कुठे? बटाट्याचं शीतगृह चालत नाही, ते गोठणबिंदूच्या वर चालवलेलं असतं. आइस्क्रीम ठेवतात तसं, उणे १८ अंशांचं लागतं. अशा शीतगृहाच्या मालकाशी करार मे महिन्यातच व्हायला हवा. प्लास्टिकचे क्रेट, न छापलेला कोरा कागद, हातमोजे आणि आधी काय उचलायचं याची यादी दारापाशी हवी. यादी छापलेली हवी, कारण संगणक तेव्हा बंद असणार. ताडपत्रांना हा गोठवण्याचा नियम सरसकट लावू नये. ती कुणी हाताळायची, त्या जाणकाराचं नाव आधीच लिहून ठेवावं.

आता परीक्षा विभाग. प्रश्नपत्रिका फुटण्याची भीती सगळ्यांना असते, त्यामुळे तिथे बंदोबस्तही बरा असतो: वेगवेगळ्या परीक्षकांकडून काढलेले दोन-तीन संच, लाखबंद पाकिटं, शेवटच्या क्षणी निवड. निकालाच्या बाजूला मात्र बऱ्याच ठिकाणी एकखांबी तंबू असतो. गुण भरण्याची प्रणाली एकालाच कळते, पासवर्ड त्याच्याच डोक्यात, आणि तो रजेवर गेला की निकाल रजेवर. तो माणूस कामाचा असतो म्हणूनच हा धोका नोंदवहीत येत नाही. लिहिलं तर त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. मार्ग सोपा आहे. वर्षातून एकदा त्याला सक्तीची सुट्टी द्या आणि दुसऱ्याकडून एका विषयाचा निकाल लावून घ्या. जिथे अडेल, ते लिहून काढा.

हल्लेखोरांचं गणित वेगळं. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात ऑक्टोबर २०१९ मध्ये कुणीतरी फसवा ईमेल उघडला. हल्लेखोर दोन महिने आतच फिरत राहिले आणि नाताळच्या तोंडावर, २३ डिसेंबरला, त्यांनी २६७ सर्व्हर कुलूपबंद केले. काही बॅकअपही त्याच नेटवर्कवर होते; तेही गेले. शेवटी विद्यापीठाने खंडणी म्हणून ३० बिटकॉइन मोजले. म्हणून माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक आवाराबाहेर. आणि किमान एक प्रत नेटवर्कपासून पूर्ण तोडलेली. ‘बॅकअप घेतो’ या उत्तरावर कुलसचिवांनी समाधान मानू नये. ‘परत चढवून शेवटचं कधी पाहिलं, आणि किती तास लागले?’ असं विचारावं.

नोंदवहीतल्या गुणांबद्दलही थोडं. शक्यता १ ते ५, परिणाम १ ते ५, दोन्हींचा गुणाकार: ही पद्धत सर्रास चालते. पण रोज बिघडणाऱ्या लिफ्टच्या पंख्याचे ५ गुणिले १ म्हणजे ५, आणि क्वचित बुडणाऱ्या बोटीचेही १ गुणिले ५ म्हणजे ५. जिवावर बेतणारी जोखीम या गुणाकारात घालूच नये, तिची यादी वेगळी ठेवावी.

बोटीचं उदाहरण बडोद्यात उगाच दिलेलं नाही. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात नव्हती. विद्यापीठांच्या अभ्याससहली नदी, खाण, डोंगर अशा ठिकाणी जातात. परवानगीच्या अर्जावर पालकांची सही असते. बोटीची क्षमता, बसचं फिटनेस प्रमाणपत्र, जवळचं रुग्णालय यांचा रकाना क्वचित असतो. तो छापून घ्यावा. आणि खाली एक ओळ अधिष्ठात्यांच्या सहीने: जागेवर धोका वाटला तर सोबतचे शिक्षक कार्यक्रम रद्द करतील, आगाऊ भरलेले पैसे बुडाले तरी त्यांना खुलासा मागितला जाणार नाही. ही ओळ नसली की काठावर उभा असलेला शिक्षक आधी पैशांचा विचार करतो.

नोंदवहीत शेवटचा रकाना ठेवायचा तो ‘शेवटची तालीम कधी’ याचा. जूनमधल्या एखाद्या शनिवारी दुपारी, तालमीची आधी कल्पना न देता, वॉचमनला सांगावं की पाणी २२ फुटांवर आलं आहे. तळमजल्याची वीज तोडायला किती मिनिटं लागली आणि मीटरच्या खोलीची किल्ली कुणाच्या घरी निघाली, तेवढं त्या रकान्यात लिहावं. नमस्कार.